दिगूमामांची फेल्टची माणसं

सुई टोचायच्या आधी दिगूमामा कापडाला विचारतात, "टोचू का? जरा तकलीफ होईल."

विचारतात म्हणजे अगदी मनापासून विचारतात. मान खाली, आवाज हळू, आणि मग दोन-तीन श्वास थांबतात. समोर असतो पिवळ्या फेल्टचा हातरुमालाएवढा तुकडा. तो काय बोलणार? पण मामांना काहीतरी ऐकू येत असावं, कारण कधी कधी ते सुई खाली ठेवून म्हणतात, "राहू दे. आज नको म्हणून राहिला." मग तो तुकडा दिवसभर तसाच पडून.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला हसू आलं. दुसऱ्यांदा आलं नाही. मी उगीचच त्या तुकड्याकडे बघत बसले, काही हलतंय का म्हणून.

मी भोकरला अंगणवाडी सेविका आहे. आमची अंगणवाडी एका खोलीची, आणि तिच्या मागच्या भिंतीला लागून दिगूमामांची खोली. मधली भिंत इतकी पातळ, की माझ्या लेकरांनी अंक म्हणताना सातानंतर नऊ घेतला की भिंतीतून धीरगंभीर आवाज येतो, "आठ राहिला." नव्या लेकरांना वाटतं भिंतच बोलते. मी त्यांचा गैरसमज काढत नाही. शिस्तीला बरं पडतं.

दिगूमामा उंच, वाळलेले, कायम पांढऱ्या कपड्यात. दिवसातून सात-आठ वेळा कोपरापर्यंत हात धुतात, लाल साबणानं. कुणाकडेही एकदा नजर टाकली की त्याची उंची सांगतात. आमच्या गल्लीत नवी सून आली, सगळ्या बायका तिच्या साडीकडे बघत होत्या. मामा ओट्यावरून म्हणाले, "पाच फूट एक." बिचारी आत पळाली. तिच्या सासूनं नंतर टेप लावून पाहिलं. पाच फूट एकच.

हे असं का, ते सांगते.

मामा मूळचे शिरूर अनंतपाळचे. वडिलांचं तिथं शिलाईचं दुकान. तरुणपणी इथल्या भोकरच्या सरकारी दवाखान्यात कक्षसेवक म्हणून त्यांना बोलावणं आलं. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "आधी काय करत होता?" मामा म्हणाले, "शर्ट-पँट शिवत होतो साहेब." डॉक्टरांनी कागदावरून मान वर केली, शेजारच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हे बेस झालं." मामांना वाटलं, पडदे आणि चादरींचं काम असणार. दुसऱ्या दिवशी त्यांना आवाराच्या टोकाला, लिंबाखालच्या एकुलत्या एक खोलीत नेलं. तिथून ते निवृत्त होऊनच बाहेर आले.

पोस्टमार्टम झालं की माणूस परत शिवून घरच्यांच्या ताब्यात द्यायचा, हे त्यांचं काम.

"एक गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत आलं न्हाई, ताई," हे ते मला अगदी सरळ चेहऱ्यानं सांगतात. त्यात विनोद आहे हे त्यांना कळतं की नाही, मला अजून उमगलेलं नाही. गावात मात्र त्यांना कुणी लग्नकार्याला बोलवत नाही. पत्रिका येते, ती लग्न झाल्यावर. मामांना त्याचा राग नाही. "भेत्यात लोक. आन् लग्नाला न बोलावलं म्हणून काय झालं? शेवटी समदे माझ्याकडंच येत होते."

आता निवृत्त झालेल्या माणसानं भजन करावं, गावगप्पा कराव्यात. मामांनी फेल्ट आणलं.

त्याचं असं झालं, की लातूरला त्यांच्या मुलाला मुलगी झाली. ती दोन वर्षांची झाल्यावर मामांनी तिच्यासाठी पुस्तक शिवायला घेतलं. कापडी पुस्तक, प्रत्येक पानावर हातांना काहीतरी काम. बटण लावा, चेन ओढा, नाडी ओवा. दोन महिने खपून केलं, एसटीनं स्वतः नेऊन दिलं. आठवड्यानं ते कुरियरनं परत आलं. सुनेचा फोन आला होता, अगदी नम्रपणे. "बाबा, रागावू नका, पण याला दवाखान्याचा वास येतोय."

फेल्ट नवं, दोरा नवा, सुईसुद्धा नवी. मामांनी मला ते पुस्तक हुंगायला दिलं. मी हुंगलं. लाल साबणाचा वास होता, बस्स.

त्याच सुमारास आम्हाला वरून सांगणं आलं होतं, की अंगणवाडीत खेळणी स्वतः तयार करा, फोटो काढा आणि मोबाइलवर टाका. मी मामांना म्हणाले, "हे पुस्तक आमच्या लेकरांना द्या ना." मामांनी पुस्तक परत घेतलं. मग म्हणाले, "हे न्हाई. हे एका लेकराच्या मापाचं हाय. तुमच्यासाठी नवं शिवू. बावीस लेकरांचं."

आणि आमच्या दुपारी सुरू झाल्या. दोन वाजता लेकरं घरी गेली, की मी आणि आमची मदतनीस पद्मिनबाई, दोघी मामांच्या खोलीत जाऊन बसायचो. पद्मिनबाई दारात बसायची. आत यायची नाही. "हवा बरी लागते इथं," म्हणायची. मे महिन्यात.

मामांनी आधी जुन्या वर्तमानपत्रावर सगळा आराखडा काढला. पान वीतभर चौकोनी. आत ताठपणासाठी जाड कापड, कडेनं काजाचा टाका, डावीकडे तीन भोकं आणि त्यातून जाड नाडी, म्हणजे पुढं पानं वाढवता येतात. "आधी हाताचं काम ठरवायचं, मग चित्र," हा त्यांचा नियम. तीन वर्षांच्या लेकराला मोठं बटण आणि चपलेच्या पट्ट्याला असते तसली चिकटपट्टी. पाच वर्षांच्याला नाडी ओवणं. लहान मणी मी सुचवले, तर त्यांनी जोरजोरात मान हलवली. "बिलकुल न्हाई. लेकरं नाकात घालत्यात. नाकातून काय काय निघतं, मला विचारा." मी विचारलं नाही. प्रत्येक बटण आठ वेळा ओवून झालं, की त्याला किलोचं वजन टांगायचे आणि चहा पिऊन यायचे. चहा होईपर्यंत बटण टिकलं तर पास.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग पानांवर माणसं यायला लागली.

पंजापेक्षा थोडी लहान, फेल्टची, सुटी माणसं. मामा ती कापायचे, कडा शिवायचे, थोडा कापूस भरायचे आणि पाटावर ओळीनं निजवायचे. निजवली, की गळ्यापर्यंत पांढरं फडकं. प्रत्येकाच्या पायाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर पानाचा नंबर. आणि चेहरा कोरा. नाक होतं, ओठ होते, डोळे नव्हते.

"डोळे कधी लावणार?" मी विचारलं.

"शेवटी. आधी लावले की बघत बसत्यात. मग काम सुचत न्हाई."

उन्हाचा एक पट्टा त्या पाटावर पडला होता. पांढऱ्या फडक्याखाली सहा जण निजलेले. पंखा फिरत होता आणि फडकं मधूनच जरा वर-खाली व्हायचं. पंख्यामुळेच. मी स्वतःला तसं दोनदा सांगितलं. निघताना मी सवयीनं पंख्याचं बटण बंद केलं, तर मामा उठून परत चालू करून आले. "राहू द्या. कोंडल्यावानी होतं त्यांना."

त्या दिवशी पद्मिनबाई घरापर्यंत माझा हात धरून चालली. दुपारचे चार वाजले होते.

पुस्तक अंगणवाडीत आलं आणि लेकरं त्याच्यावर तुटून पडली. छत्रीवाला माणूस होता, त्याची छत्री बटणं काढली की उघडायची. सायकल दुरुस्त करणारा होता, त्याच्यापुढं फिरणारं चाक आणि चेन म्हणून ओवायची नाडी. बांगडीवाली होती, तिच्या टोपलीतल्या बांगड्या काढून एका हातात भरायच्या. कापूस वेचणारा होता, पऱ्हाटीवरची बोंडं चिकटपट्टीवरून ओढून पोत्यात टाकायची. आणि एक गोल, जाडा, बनियन घातलेला माणूस, त्याच्या पोटाला चेन.

या जाड्या माणसानं घोटाळा केला.

सुपरवायझर मॅडम तपासणीला आल्या. पुस्तक बघून खूष झाल्या. एकेक पान उघडत मोबाइलवर फोटो काढत गेल्या. जाड्याच्या पानावर आल्या, म्हणाल्या, "अरे वा, चेन ओढायला शिकवता!" आणि त्यांनी ती ओढली.

आतून गुलाबी लोकरीचं, करंगळीएवढं जाड, हात-दीड हात लांब काहीतरी सुळकन त्यांच्या मांडीवर आलं.

मॅडम किंचाळल्या. त्यांच्या शेजारी बसलेली साडेतीन वर्षांची एक पोर शांतपणे म्हणाली, "मॅडम, आतडं सांडलं."

मग चार लेकरं पुढं झाली आणि सवयीच्या हातांनी पोट भरायला लागली. "आधी काळीज. मग हे तपकिरी. न्हाई, ते उजवीकडं! आता आतडं, गोल गोल." चेन लावली. एकानं जाड्याच्या पोटावर थोपटलं. मॅडमनी पाणी मागितलं. शेरे-वहीत 'साहित्य नावीन्यपूर्ण आहे' असं लिहिलं, अक्षर जरा हललेलं.

मामांना मी जाब विचारला. ते म्हणाले, "कुठं काय हाय ते लेकराला कळलं पाहिजे, ताई. मोठी माणसं काळजावर हात ठेवत्यात आन् हात असतो पोटावर."

"पण हा जाडा कोण?"

"हे आमचे डॉक्टरसाहेब. जित्ते हायत. जिंदगीभर लोकांची पोटं उघडली त्यांनी. म्हणलं, एकदा त्यांचं बी उघडू."

मी हसले. घरी जाऊन भाकऱ्या थापताना मात्र एकदम हात थांबला. हा जाडा जर खरा माणूस, तर बाकीचे कोण?

दुसऱ्या दिवशी पद्मिनबाई पुस्तक पुसत होती. पुसता पुसता तिनं ते एकदम खाली टाकलं, विंचू दिसल्यासारखं.

"बाई, ह्यो सोपान हाय."

"कोण सोपान?"

"ट्रॅक्टरखाली गेलेला! ह्याचा अंगठा बघा." कापूस वेचणाऱ्याच्या उजव्या हाताला चारच बोटं होती. मला वाटलं होतं, मामांना पाचवं कापायला जमलं नसेल. "आन् ही बांगडीवाली काशीमावशी, विहिरीत पडलेली. हिच्या कपाळावरचा डाग बघा. आन् सायकलवाला तर... समदे मेलेले हायत, बाई. आपली लेकरं मेलेल्यांसंग खेळून राहिली."

मी म्हणाले, योगायोग असेल. तेवढ्यात एक पोरगा आला, पुस्तक उचललं, सवयीनं छत्रीवाल्याचं पान काढलं आणि म्हणाला, "राम राम, गणपतआबा."

गणपतआबा वीज पडून गेला, तेव्हा हा पोरगा जन्मला नव्हता.

"तुला नाव कुणी सांगितलं रे?"

पोरानं मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं.

भोकर काही मोठं गाव नाही. संध्याकाळपर्यंत सगळीकडे झालं. दुसऱ्या दिवशी अंगणवाडीच्या उंबऱ्यावर लिंबू आणि तीन मिरच्या. बावीस लेकरांची सहा झाली. एक बाप येऊन म्हणाला, ते पुस्तक जाळा, नाहीतर आम्ही वर अर्ज करतो. पद्मिनबाईनं पुस्तकावर पातेलं पालथं घातलं आणि पातेल्यावर वरवंटा ठेवला.

तेव्हा मात्र मी मामांकडे गेले. रागानंच गेले. खरं सांगायचं तर भीती होती, तिला राग म्हणत होते.

मामा शिवत बसले होते. मी म्हणाले, "मामा, हे काय केलंत? लहान लेकरांच्या हातात ही माणसं?"

त्यांनी सुई बाजूला ठेवली.

"ताई, मला हे समदे निजलेलेच ठाऊक हायत. एकालाबी मी उभं बघितलं न्हाई. घरचे बाहेर लिंबाखाली बसून रडायचे, बोलायचे, ते मला खिडकीतून ऐकू यायचं. लई चांगली सायकल दुरुस्त करायचा. मावशी बांगडी भरताना हात दुखू द्यायची न्हाई. मी हिकडं शिवत असायचो आन् ऐकायचो. घरी आलो, डोळे मिटले, की समदे पुन्हा निजलेलेच दिसायचे. रोज. इतकी वर्षं." त्यांनी पाटाकडे बघितलं. "म्हणलं, एकदा त्यांना कामाला लावावं. लेकरांच्या हातात दिले की उठत्यात. सोपान कापूस येचतो. मावशी बांगड्या भरते. आता डोळे मिटले की तसंच दिसतं मला. म्हणून केलं. तुमच्या लेकरांना भेव दाखवायचं नव्हतं."

"आणि गणपतआबाला छत्री?"

"छत्रीनं ईज थांबत न्हाई, मला बी कळतं. पण त्या दिवशी पोरगी रडत होती, बापाला छत्री देऊन पाठवलं असतं तर, म्हणून. म्हणलं, देऊन टाकू."

मी पाटावरचं फडकं सारखं केलं. पण आता गावाला काय सांगायचं, ते सुचेना. उद्या पुस्तक जाळायला लोक आले असते आणि मी ते अडवू शकले नसते.

लोक आले नाहीत. आली एकटी सखुबाई.

सखुबाईची नात आरू माझ्याच अंगणवाडीत. साडेचार वर्षांची. तिची आई, म्हणजे सखुबाईची मुलगी जना, दीड वर्षापूर्वी कापूस वेचताना साप चावून गेली. दवाखान्यात सोपस्कार झाले. कुणीतरी शहाणा त्या पोरीच्या देखत म्हणाला, "फाडल्याशिवाय देत नाहीत." तेव्हापासून आरू बोलत नव्हती. मी होडी करायला कागद टर्रकन फाडला, तर टेबलाखाली जाऊन बसायची आणि दोन्ही हातांनी स्वतःचं पोट धरायची.

सखुबाई आरूला कडेवर घेऊन माझ्यापुढं उभी राहिली. "बाई, म्हणत्यात त्यात माझी जना बी हाय. हाय का?"

मला माहीत नव्हतं. पुस्तकाच्या शेवटच्या काही पानांवर मी अजून नीट नजर टाकली नव्हती. पद्मिनबाईनं वरवंटा काढला, पातेलं काढलं आणि ती भिंतीला चिकटून उभी राहिली. मी पानं उलटली.

होती. हिरवी साडी, हनुवटीवर निळ्या दोऱ्याचे तीन ठिपके गोंदलेले, आणि काळ्या लोकरीचे लांब केस. लेकरांनी वेणी घालायला शिकावं म्हणून तीन पेडांचे. घातलेली वेणी खांद्यावरून पुढं घेतलेली, टोकाला लाल फीत.

सखुबाईचा चेहरा असा पांढरा पडला, की मी तिला धरलं.

"ही येणी," ती म्हणाली. "बाई, ही येणी ह्यांना कशी ठाऊक? त्या दिवशी जना कापसाला गेली तवा तिचा बुचडा होता. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. आन् गाडीतून उतरवली तवा येणी. खांद्यावर. लाल फीत. तिच्याकडं लाल फीत नव्हती बाई, कधीच नव्हती. मी समद्यांना इचारलं, कुणी घातली? कुणीच सांगंना. दीड साल झालं, मी कुणापाशी बोलले न्हाई. मला वाटलं..." तिचा आवाज एकदम खाली गेला. "मला वाटलं तिनंच घातली. तिथं. आतमधी."

पद्मिनबाई भिंतीला आणखी चिकटली.

तेवढ्यात दारात सावली पडली. दिगूमामा उभे होते. भिंतीपलीकडून त्यांनी सगळं ऐकलेलं असणार. आत यायला त्यांचा पाय उचलत नव्हता.

"मी घातली, सखुबाई," ते म्हणाले. "केसात माती होती, पऱ्हाटीचा पाला होता. बाहेर तुम्ही बसला होता आन् ही पोरगी तुमच्या मांडीवर होती. म्हणून राहिली होती, आईची येणी करायची. आईला आण, येणी करायची. मला ऐकू येत होतं. आता लेकराला काय सांगणार? म्हणलं, आपणच घालू. आयुष्यात पहिल्यांदा घातली. तीनदा सुटली. फीत शिलाईच्या डब्यात होती."

सखुबाई मटकन खाली बसली. आधी मला वाटलं रडेल. ती हसायला लागली. हसता हसता पदर तोंडात धरला आणि मग रडली. "म्या म्हणलंच," ती म्हणत होती, "म्या म्हणलंच, येणी वाकडी हाय. जनाची कधी वाकडी नसायची."

आरू तिच्या मांडीवरून उठली. पुस्तकापाशी गेली. तिनं ती हिरव्या साडीची बाई पानावरून सुटी काढली, उलटी केली. पाठीला, पोटाला, सगळीकडे बोट फिरवलं. कुठं उघडं आहे का बघत होती. मामा गुडघ्यावर बसले, तिच्याइतके खाली आले. तिला शिवले नाहीत.

"समदं शिवलंय," ते म्हणाले. "बारीक टाका हाय. माझ्या हातचा हाय. उसवत न्हाई."

आरूनं त्यांच्याकडे बघितलं. मग लाल फीत सोडली, वेणी सोडली आणि तीन पेड घेऊन बसली. वेणी घालायची, सोडायची, पुन्हा घालायची. आम्ही सगळे बसून ते बघत राहिलो.

पुस्तक कुणी जाळलं नाही. सखुबाईनं गावात काय सांगितलं, ते मला माहीत नाही, पण तीन-चार दिवसांनी सोपानची बायको आली. पान बघितलं, बराच वेळ बोंडं ओढत बसली. दुसऱ्या दिवशी त्याच्या चौकड्याच्या शर्टाचा तुकडा घेऊन आली, "हा लावा, त्याला हाच आवडायचा" म्हणून. गणपतआबाची पोरगी आली. लेकरं परत आली, एक सोडून सगळी. पद्मिनबाईसुद्धा आता मामांच्या खोलीत आत बसते. दारापासून हातभर आत, पण आत.

एक पान मात्र राहिलं होतं. मामा ते आणायचे आणि परत न्यायचे. त्यावर एक माणूस होता, साधा सदरा, साधं धोतर, बाकावर बसलेला. सदऱ्याला रिकामा खिसा. करायला काहीच नाही.

"हा कोण?" मी विचारलं.

"ठाऊक न्हाई. स्टेशनावर सापडला होता. कुणी आलं न्हाई. सात दिवस ठेवला. मी त्या दिवसांत एक सुट्टी घेतली न्हाई. रोज त्याच्यापाशी बसायचो डबा घेऊन." ते जरा हसले. "घरी बायको ताट लांबून सरकवायची, ताई. बोलायची न्हाई. तिचं बी चूक नव्हतं, तिला भेव वाटायचं माझ्या हातांचं. मग मी ह्याच्याशी बोलायचो. पोराचं, पावसाचं, कायबी. इतकं निवांत माझं कुणीच ऐकलं न्हाई. आठव्या दिवशी नेला त्याला. मी शिवलं तेवढंच." त्यांनी त्या माणसाचा सदरा बोटानं सारखा केला. "बाकीच्यांचं मला ऐकून ठाऊक होतं. ह्याच्यासाठी कुणी बाहेर बसलंच न्हाई. ह्याला काय काम द्यावं, सुचत न्हाई."

लेकरं भोवती जमली होती. एक म्हणालं, त्याला सायकल द्या. एक म्हणालं, मोबाइल द्या. मामा सगळ्यांना मान हलवून नाही म्हणत होते.

आरू उठली. भाकरीचं एक पान होतं, फेल्टच्या छोट्या भाकऱ्या काढून टोपलीत ठेवायच्या. तिनं त्यातली एक काढली, आणली आणि त्या माणसाच्या खिशात घातली.

"भूक लागली त्याला," ती म्हणाली.

दीड वर्षानंतर आलेला तो आवाज घोगरा होता, वापर नसलेल्या दाराच्या कडीसारखा. मी तोंडावर हात धरला. मामांनी फक्त विचारलं, "आन् मग?"

"मग मी बसते त्याच्यापाशी," आरू म्हणाली. आणि बसली. पान मांडीवर घेऊन, खायची सुट्टी होईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी ते पान पुस्तकात लागलं होतं. मी उघडून पाहिलं, तर खिशाच्या आत आणखी एक खिसा शिवलेला.

"हा कशाला?" मी मामांना विचारलं.

"आरू म्हणून राहिली," मामा दोरा तोडत म्हणाले, "सांजच्याला बी लागते म्हणं भूक."